मुंबईहून वाकेनला: पहिल्यांदाच निघालेल्या मेटलवाल्यांसाठी

जर्मनीतल्या वाकेनच्या हेवी मेटल फेस्टिव्हलला जायचं मनात पक्कं झालंय, पण पासपोर्ट अजून कोराच आहे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. मे-जून उजाडला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच: व्हिसाला काय काय लागतं, तंबू इथून न्यायचा की तिथे घ्यायचा, आणि खरंच एवढा चिखल असतो का?

असतो. सगळ्याच वर्षी नाही, पण २०१५, २०२३ आणि २०२५ ही वर्षं चिखलाचीच होती. त्यामुळे तयारी चिखलाची करायची, ऊन पडलं तर आनंदच.

वाकेन हे उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विग-होलस्टाइन राज्यातलं जेमतेम दोन हजार वस्तीचं खेडं. १९९० मध्ये तिथल्या थॉमस येन्सेन आणि होल्गर ह्यूबनर या दोघांनी काहीशे लोकांसाठी फेस्टिव्हल सुरू केला. आज जुलैअखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला बुधवार ते शनिवार ऐंशी हजारांवर माणसं गावाभोवतीच्या शेतांत आणि कुरणांत तंबू ठोकून राहतात. आपल्या मुंबईचा डेमोनिक रिझरेक्शन हा बँड २०१४ मध्ये तिथे वाजवून आला, दिल्लीचा ब्लडीवुड २०१९ मध्ये. रंगभवनातल्या आय-रॉक या रॉक महोत्सवाच्या गोष्टी ऐकत मोठे झालेले आणि २००८ मध्ये बीकेसीच्या मैदानावर आयर्न मेडन बघून घसा बसवून घेतलेले आपण, आपल्याला वाकेन परकं वाटत नाही. परका असतो तो तिथला पाऊस.

१. आधी पाऊस समजून घ्या

‘पाऊस काय, आपल्याला सवय आहे’ हे वाक्य मुंबईकराच्या तोंडी असतंच, आणि तिथेच गडबड होते. आपला पाऊस कोमट असतो. राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडाला आपण नखशिखांत भिजतो, खाली उतरून चहा मारतो, लोकल पकडतो आणि रात्री घरी कोरड्या चादरीत झोपतो. वाकेनमध्ये ऑगस्टच्या सुरुवातीला दिवसा वीस-बावीस अंश असतात, रात्री बारा-तेरा, कधी त्याहून कमी. वर उत्तर समुद्राकडून येणारा वारा. आणि भिजल्यावर परतायचं ते घरी नाही, तंबूत. तेही एक रात्र नाही, चार-पाच रात्री.

जमिनीचंही तसंच. कुरणातलं गवत मुळांनी माती धरून ठेवतं तोवर सगळं ठीक असतं. हजारो बूट आणि गाड्यांची चाकं फिरली की गवत उपटून निघतं, माती दबते, पाणी खाली मुरायचं थांबतं आणि वर घोटाभर चिकट लगदा तयार होतो. कोकणात चिखलणी केलेल्या भातखाचरात जो कधी उतरलाय, त्याला अंदाज येईल. फरक इतकाच की खाचरात आपण अनवाणी असतो आणि तासाभरात बांधावर येतो.

म्हणून माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती फिरतं: अंग भिजलं तर भिजू द्या, पाय आणि झोपायची जागा मात्र कोरडी ठेवा. तेवढं साधलं तर चौथ्या दिवशीही तुम्ही स्टेजसमोरच्या रेलिंगपाशी उभे असाल. नाही साधलं तर दुसऱ्याच रात्री हॅम्बुर्गमधलं हॉटेल शोधायला लागाल.

२. तिकीट

पुढच्या वर्षीच्या तिकिटांची विक्री या वर्षीचा फेस्टिव्हल संपतो न संपतो तोच सुरू होते. तेव्हा लाइनअपमधली, म्हणजे वाजवणाऱ्या बँडच्या यादीतली, मोजकीच नावं जाहीर झालेली असतात. २०२४ च्या फेस्टिव्हलची तिकिटं काही तासांत संपली होती, त्यामुळे सगळे बँड कळल्यावर घेऊ असं म्हणू नका. किंमत तीनशे युरोच्या वर जाते, पण त्यात तंबू टाकून राहणं धरलेलं असतं.

तिकीट हुकलं तर फेस्टिव्हलच्या अधिकृत पुनर्विक्रीवरच थांबा. समाजमाध्यमांवर ‘एक जास्तीचं आहे’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला पैसे पाठवू नका. आणि तिकीट स्वतःच्या नावावर, पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच घ्या. व्हिसाच्या वेळी तेच कागद उपयोगी पडतात.

३. व्हिसा

जर्मनीचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांत मिळून चालणारा) लागतो. मुंबईत अर्ज व्हीएफएस ग्लोबल या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत द्यायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत अख्खी मुंबई युरोपला निघालेली असते आणि अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच हे काम उरकून टाका. निर्णयाला नियमाने पंधरा दिवस लागतात, पण पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो झालं आहे. व्हीएफएसचा सेवा आकार वेगळा.

सोबत ठेवायचे कागद:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन कोरी पानं असलेला
- ऑनलाइन भरून छापलेला आणि सही केलेला अर्ज
- ३५ बाय ४५ मिलिमीटरचे अलीकडचे फोटो
- किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा
- जाण्यायेण्याच्या विमानाचं आरक्षण
- फेस्टिव्हलचं तिकीट आणि बाकीच्या रात्रींचं हॉटेल बुकिंग
- बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, प्राप्तिकर विवरणपत्र
- ऑफिसकडून रजा मंजूर झाल्याचं पत्र. विद्यार्थी असाल तर कॉलेजचं बोनाफाइड आणि आईवडिलांचे आर्थिक कागद
- कव्हरिंग लेटर

यातलं शेवटचं लोक घाईघाईत उरकतात, आणि आपल्या बाबतीत तेच सगळ्यात महत्त्वाचं. अर्ज तपासणारा प्रत्येक रात्रीचा मुक्काम बघतो. चार-पाच रात्री हॉटेलच नाही म्हटल्यावर त्याला शंका येणार. म्हणून तारीखवार लिहा: या रात्री हॅम्बुर्गमध्ये, या रात्री फेस्टिव्हलच्या मैदानावर तंबूत, मुक्काम तिकिटात समाविष्ट, परत या रात्री हॅम्बुर्गमध्ये. फेस्टिव्हलच्या वेबसाइटवरचा कॅम्पिंगचा मजकूर छापून सोबत जोडा. पत्रातल्या, अर्जातल्या, विम्यातल्या आणि विमानाच्या तारखा एकमेकींशी जुळल्याच पाहिजेत.

आणखी एक सापळा: अर्जाच्या आठवडाभर आधी नातेवाइकांकडून उसने लाख-दोन लाख खात्यात टाकणं. स्टेटमेंटमध्ये ते लगेच डोळ्यांत भरतं. पगार येतो, खर्च होतो, थोडी शिल्लक राहते, असं साधं खातं जास्त विश्वासार्ह दिसतं. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून नकाराविरुद्ध दूतावासाकडे दाद मागायची सोय बंद केली आहे. नकार आला तर नव्याने अर्ज, नाहीतर थेट तिथलं कोर्ट. म्हणून पहिलाच अर्ज नीट भरा.

४. पोचायचं कधी आणि कसं

२०२३ ची गोष्ट माहीत असलेली बरी. आदल्या काही दिवसांत इतका पाऊस झाला की आधी गाड्या थांबवल्या आणि मग फेस्टिव्हल सुरू होतानाच प्रवेशच बंद केला. सुमारे पन्नास हजार लोक आत होते, बाकीच्यांना तिकीट असूनही परत जावं लागलं. तिकिटाचे पैसे परत मिळाले. पण विमानाचे, व्हिसाचे आणि घेतलेल्या रजेचे कुठून मिळणार? त्या वर्षी आत कोण होतं? लवकर पोचलेले. कॅम्पची मैदानं बुधवारच्या आधीच उघडतात. ती उघडतील त्या पहिल्याच दिवशी, शक्यतो सकाळीच तिथे असा. रजा बुधवारपासून मागू नका, आदल्या शुक्रवारपासून मागा.

मुंबईहून दुबई, दोहा, इस्तंबूल किंवा फ्रँकफर्टमार्गे हॅम्बुर्ग गाठता येतं. फ्रँकफर्टला उतरणार असाल तर पुढच्या विमानाला किमान तीन तास ठेवा: शेंगेनच्या नव्या नोंदणी पद्धतीत पहिल्या प्रवेशाला चेहऱ्याचा फोटो घेतात, रांग हळू सरकते. हॅम्बुर्गमध्ये एक रात्र झोप काढा. दुसऱ्या दिवशी हॅम्बुर्गहून इत्सेहोची ट्रेन पकडा, साधारण तासाभराचा प्रवास. आल्टोनाहून वेस्टरलँडला जाणाऱ्या गाड्याही इत्सेहोला थांबतात. स्टेशनबाहेरून फेस्टिव्हलच्या शटल बस सुटतात. भाड्याची कार नको. चिखलात रुतलेल्या गाड्या शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरने ओढून काढतात आणि त्यासाठी तासन्‌तास थांबावं लागतं.

५. सामान

निम्मी खरेदी इथेच होते.

गमबूट नागदेवी स्ट्रीटला घ्या, जिथे कारखान्यांसाठी सेफ्टीचं सामान मिळतं. गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे, एक नंबर मोठे. जाड मोजे घालूनच मापून बघा आणि दुकानातच दहा मिनिटं चाला. पोटरीपाशी फार सैल असतील तर चिखल वरून आत जातो. रबर कडक असेल तर ठाण्याहून मुलुंडपर्यंत चालतानासुद्धा टाच सोलून निघेल, इथे तर दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर सहज होतात. म्हणून जूनमध्ये घ्या आणि इथल्याच पावसात महिनाभर वापरा.

मोजे लोकरीचे हवेत, सुती नकोत. सुती मोजा एकदा भिजला की थंड पडतो आणि वाळत नाही; लोकर ओली असली तरी ऊब धरते. हीच गोष्ट जीन्सची. मेटलवाल्याला काळी जीन्स सोडवत नाही हे मला माहीत आहे, पण भिजलेली जीन्स त्या हवेत दोन दिवस वाळणार नाही. ट्रेकची पँट न्या, वर बँडचा टीशर्ट घाला, कुणी काही म्हणत नाही.

रेनकोट जॅकेट आणि पँट असा जोड हवा. छत्री घरीच ठेवा, स्टेजसमोरच्या मैदानात ती चालत नाही. स्लीपिंग बॅग पाच ते दहा अंशांत आरामात झोपता येईल अशी घ्या. लेबलवर दोन आकडे असतात, त्यातला ‘कम्फर्ट’चा बघायचा. खाली अंथरायला मॅट लागतेच, कारण थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. शिवाय घरातल्या कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्यांचं अख्खं बंडल न्या. सॅकच्या आत अस्तरासारखी एक, ओल्या कपड्यांना एक, बुटांना एक, बसायला एक. इतकं हलकं आणि इतकं उपयोगी दुसरं काही नाही.

तंबू दुहेरी हवा, आतला वेगळा आणि वरचा पावसाचा वेगळा. जलरोधकता किमान २,००० मिलिमीटर लिहिलेली असावी. दोन माणसं असाल तर तीन माणसांचा घ्या, म्हणजे सामान आत कोरडं राहील. खुंट्या चेक-इन सामानात टाका. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही. स्वयंपाकाचा गॅस कॅनिस्टर विमानात कुठेच नेता येत नाही. लोकरीचे मोजे आणि रेनकोट केबिन बॅगेत ठेवा; मोठी बॅग एक दिवस उशिरा आली तरी तुमचं अडणार नाही.

कानात घालायचे इअरप्लग विसरू नका. चार दिवस सलग मोठ्या स्पीकरसमोर उभं राहिल्यावर कानात शिट्टी वाजायला लागते, आणि काहींची ती कायमची राहते.

६. तंबू पावसात कसा लावायचा

गावाबाहेरच्या मैदानावर पोचाल तेव्हा पाऊस चालू असण्याची शक्यता धरूनच चाला. घाई करू नका. आधी जागा बघा: आजूबाजूपेक्षा थोडी उंच, शेताच्या कडेच्या चरापासून लांब, गाड्यांच्या वाटेपासून लांब. चाकाच्या खोल चाकोरीत रात्री पाणी वाहतं.

मग जमिनीवर प्लास्टिक अंथरा, पण ते तंबूच्या तळापेक्षा चहूबाजूंनी वीतभर आत दुमडून घ्या. प्लास्टिकची कड बाहेर डोकावत राहिली तर वरून ओघळलेलं पाणी त्यावर साचून बरोबर तुमच्या पाठीखाली येतं. एकाने वरचं आवरण छपरासारखं धरायचं, दुसऱ्याने त्याखाली आतला तंबू उभा करायचा. दार वाऱ्याच्या उलट दिशेला. खुंट्या सरळ उभ्या न ठोकता डोकं तंबूपासून लांब आणि टोक तंबूकडे अशा तिरक्या ठोका, नाहीतर मऊ मातीत त्या उपटून येतात. दोऱ्या ताणून बांधा. वरचं कापड आतल्या कापडाला टेकलं की टेकल्या जागी पाणी झिरपतं, म्हणून दिवसातून एकदा फेरी मारून दोऱ्या पुन्हा ताणायच्या.

झालं की लगेच आत घुसू नका. दारातल्या पुढच्या जागेत एक काळी पिशवी पसरा. तो तुमचा उंबरा. चिखलाची प्रत्येक गोष्ट त्याच्या अलीकडे.

७. पाय

रोज संध्याकाळी एकदा आणि झोपताना एकदा हे करायचंच, कितीही दमला असलात तरी. तंबूच्या दारात बसा, पाय बाहेर. गमबूट काढा, आडवे करून पिशवीत ठेवा. मोजे काढून ओल्याच्या पिशवीत. पाय टॉवेलने पुसा, बोटांच्या मधल्या जागाही. पाच मिनिटं उघडे राहू द्या. बोटं पांढरी, सुरकुतलेली दिसली तर तेवढ्याने घाबरू नका. पण बधिर वाटत असतील किंवा मुंग्या थांबत नसतील तर बाहेर जाऊ नका. पाय थंडीत फार वेळ ओले राहिले की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि इजा होते. अशा वेळी चोळायचं नाही, गरम पाण्यात बुडवायचे नाहीत. कोरडे करून, उबदार गुंडाळून, थोडे उंच ठेवायचे आणि फरक पडला नाही तर मैदानावरच्या वैद्यकीय तंबूत जायचं.

मोज्यांचा एक जोड फक्त झोपायला ठेवा. तो तंबूबाहेर कधीच जाणार नाही, स्वच्छतागृहापर्यंतसुद्धा नाही.

चिखलात बूट रुतला तर पाय सरळ वर खेचू नका. बूट तिथेच राहतो आणि मोजा बाहेर येतो. टाच आधी डावी-उजवीकडे फिरवा, बाजूने हवा आत शिरू द्या, मग टाच उचला आणि शेवटी चवडा. वर बूट दोन्ही हातांनी धरून ठेवा.

८. स्टेजसमोर

फास्टर आणि हार्डर ही दोन मोठी स्टेज शेजारी-शेजारी आहेत. एकीवर बँड वाजत असतो तेव्हा दुसरीवर पुढच्याची मांडणी चालते. दोघींच्या मधोमध थोडं मागे उभं राहिलं तर चिखलातून येरझाऱ्या वाचतात. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत. कमरेची छोटी पिशवी पुरते. खरेदी हातातल्या पट्ट्याच्या चिपवर होते, तीत आधी पैसे भरून ठेवा. गावात अंगणात नाश्ता विकणाऱ्या आजीसाठी आणि हातगाडीवरून सामान ओढून देणाऱ्या पोरांसाठी थोडे सुटे युरो मात्र असू द्या.

गाव जरूर फिरा. फेस्टिव्हलची सुरुवात गावच्या अग्निशमन दलाचा बँड वाजवून होते, आणि त्या ब्रास बँडसमोर हजारो काळे टीशर्ट नाचत असतात. मोटरहेड बँडचा दिवंगत गायक लेमी याच्या अस्थींचा काही भाग २०२३ मध्ये वाकेनला आणला गेला. तिथे उभं राहताना माझा गळा दाटून आला होता.

पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोर एकमेकांना ढकलत नाचणाऱ्यांच्या घोळक्यात, चिखल असला तर कोपर नव्हे, तळहात वापरा. कुणी पडलं की आजूबाजूचे सगळे थांबतात आणि त्याला उचलतात. तुम्हीही तेच करा. विजांचा इशारा आला तर मैदान रिकामं करायला सांगतात. फेस्टिव्हलचं अ‍ॅप चालू ठेवा आणि सांगतील तिकडे लगेच जा. उघड्या रानात वीज हा चेष्टेचा विषय नाही.

९. खाणं

शाकाहारी असाल तरी उपाशी राहणार नाही: बटाट्याचे तळलेले काप, चीज आणि मशरूम भरलेला भट्टीतला पाव मिळतोच. तरीही भडंग, खाकरे, चिक्की, शेंगदाण्याची कोरडी चटणी न्या. रात्री दोन वाजता ओल्या तंबूत भडंगाचा डबा उघडला की शेजारचे फिनलंडवाले आपसूक गोळा होतात. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत, तेव्हा पेढे, खवा, तुपाची बरणी घरीच. काचेची बाटली कॅम्पमध्ये चालत नाही. पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, घरची बाटली भरत राहा. थंडीत तहान कळत नाही, म्हणून आठवणीने प्या.

१०. परतताना

रविवारी सगळे एकदम निघतात. त्या दिवशीचं विमान घेऊ नका, सोमवारचं घ्या आणि रविवारची रात्र हॅम्बुर्गमध्ये काढा. गरम पाण्याची अंघोळ होते आणि बूट घासायला वेळ मिळतो. शेतातली माती लागलेले बूट तसेच सामानात भरू नका, तळव्याच्या खाचा जुन्या टूथब्रशने साफ करून घ्या.

तंबू ओलाच घडी होणार, त्याला इलाज नाही. पण मुंबईत उतराल तेव्हा इथेही ऑगस्टचाच पाऊस असेल, आणि घडीत राहिलेल्या तंबूला आठवड्यात बुरशी धरते. घरी आल्या दिवशीच तो हॉलमध्ये पंख्याखाली पसरा, शिवणी वरच्या बाजूला करून. सकाळ-संध्याकाळ उलटा. तीन दिवस तरी लागतात; घरच्यांना आधीच सांगून ठेवा.